पिंग, पाचशे शोधयंत्रे आणि आत्याच्या ओव्या

माझी आत्या निवृत्त शिक्षिका आहे. गेली दोन वर्षे ती जात्यावरच्या ओव्यांचा ब्लॉग चालवते. ओव्या तिच्या सासूबाईंच्या तोंडून उतरवून घेतलेल्या, वही शंभर पानी, आणि वाचक म्हणाल तर नात्यातले वीस-पंचवीस जण. मागच्या महिन्यात निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक लांबलचक संदेश तिने मला पाठवला आणि खाली विचारले, ‘अरे, हे आपण केलेच नाही का?’ मी उत्तर द्यायच्या आत तिने ते करूनही टाकले होते, आणि त्यासाठी 1,499 रुपये मोजले होते.

संदेशातले दावे थोडक्यात असे. नवा लेख लिहिल्याचे शोधयंत्रांना कळवले नाही, तर तो कधीच कोणाला दिसत नाही. म्हणून प्रत्येक लेखानंतर आणि पुढेही रोज गूगलला ‘पिंग’ करावे, म्हणजे वर्दी पाठवावी. गूगलवर न थांबता 500 शोधयंत्रांकडे आपला पत्ता सादर करावा. गूगलच्या सर्च कन्सोलमधले ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ (पान तुमच्या अनुक्रमणिकेत घ्या, अशी विनंती) हे बटण जितक्या वेळा दाबाल तितका लेख वर चढतो. आणि यातले काहीच जमत नसेल, तर दिलेला ईमेल पत्ता सर्च कन्सोलमध्ये ‘ओनर’ म्हणून जोडावा आणि शुल्क भरावे, म्हणजे ‘इंडेक्सिंग एपीआय’च्या साहाय्याने 24 तासांत लेख पहिल्या पानावर. शेवटी हात जोडल्याची चित्रे आणि ‘प्रत्येक मराठी लेखकापर्यंत पोहोचवा’ अशी विनंती.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर वेळ वाया जातो. याने घराची किल्ली परक्याच्या हातात जाते.

सर्च कन्सोल हे गूगलने संकेतस्थळाच्या मालकासाठी ठेवलेले मोफत साधन आहे. आपली कोणती पाने गूगलला ठाऊक आहेत, कोणत्या शब्दांवरून लोक आपल्याकडे आले, कोणत्या पानात काय अडचण आहे, हे त्यात कळते. त्यात ‘ओनर’ म्हणून ज्याला जोडाल त्याला हे सगळे तर दिसतेच, शिवाय तो आणखी माणसे जोडू शकतो, आणि ‘रिमूव्हल्स’ या सोयीतून तुमचे एखादे पान किंवा सबंध संकेतस्थळ गूगलच्या निकालांतून सुमारे सहा महिने दिसेनासे करू शकतो. ज्याला लेख दिसावा म्हणून पैसे दिले, त्याच्याच हाती तो नाहीसा करण्याचे बटण दिले, असा हा व्यवहार आहे. त्याला तुमचा ब्लॉग लिहिता किंवा खोडता येत नाही, एवढे खरे; पण पुढे ‘देखभाल शुल्क’ मागितले गेले आणि ते नाकारले, तर काय होऊ शकते याची कल्पना ज्याने त्याने करावी.

आत्याच्या खात्यात सेटिंग्जमधले ‘युजर्स अँड परमिशन्स’ हे पान उघडले, तेव्हा ओनरच्या रकान्यात तीन पत्ते होते. एक तिचा, एक तिने जोडलेला, आणि तिसरा कोणाचा हे तिला सांगता येईना. दुसऱ्याने तिसऱ्याला आत घेतले होते. दोघांनाही काढायला दोन मिनिटे लागली. सुदैवाने ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसचा पासवर्ड तिने दिला नव्हता. दिला असता तर नुसते नाव काढून भागले नसते. मालकी सिद्ध करणारी एखादी फाइल किंवा टॅग ब्लॉगमध्ये मागे ठेवला असेल, तर त्याच्या आधारे तोच माणूस पुन्हा ओनर होऊ शकतो, त्यामुळे ती खूणही शोधून पुसावी लागते. ज्यांनी असा संदेश वाचून कोणाला जोडले असेल, त्यांनी हा लेख येथेच थांबवून आधी ते पान पाहून यावे.

आता त्या एपीआयविषयी, म्हणजे एका प्रोग्रामने गूगलच्या यंत्रणेला थेट निरोप देण्याच्या सोयीविषयी. तो खोटा नाही, आणि तो वापरण्यासाठी संबंधित खाते ओनर म्हणून जोडावे लागते हेही खरे आहे. म्हणूनच ही मागणी भोळ्या माणसाला रास्त वाटते. संदेशात न सांगितलेली गोष्ट अशी की गूगलच्या स्वतःच्या दस्तऐवजानुसार हा एपीआय दोनच प्रकारच्या पानांसाठी आहे: नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ. जाहिरातीची मुदत संपली किंवा प्रक्षेपण आटोपले की पान शिळे होते, म्हणून त्यांना घाई. जात्यावर दळायला माणूस हवा अशी जाहिरात आत्याने दिली असती तर गोष्ट वेगळी होती. ओव्यांच्या लेखाला तो लागू नाही. शिवाय लागू असता तरी त्याने फक्त पान तपासायला या असा निरोप जातो. पान कितवे दिसावे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. गूगलने स्पष्ट लिहून ठेवले आहे की पैसे घेऊन कोणाचे पान अधिक वेळा तपासले जात नाही आणि वरही नेले जात नाही. ‘24 तासांत पहिले पान’ ही हमी जो देतो, त्याच्या हातात ती देण्यासारखे काहीच नसते.

रोज पिंग करण्याच्या सल्ल्याला एक जुना इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय त्यातला शिळेपणा कळणार नाही. ब्लॉग नवे होते तेव्हा नवा लेख आल्याची वर्दी देणाऱ्या सेवा खरोखर उपयोगाच्या होत्या. वर्डप्रेसच्या लेखनविषयक सेटिंग्जमध्ये आजही ‘अपडेट सर्व्हिसेस’ अशी एक चौकट असते आणि तीत पिंग-ओ-मॅटिक या सेवेचा पत्ता आधीपासून भरलेला असतो. लेख प्रसिद्ध केला की वर्डप्रेस तिथे आपोआप निरोप धाडते. पण हे निरोप ज्यांच्यासाठी होते, त्या टेक्नोराटीची ब्लॉगसूची आणि गूगलची वेगळी ब्लॉगशोध सेवा बंद होऊन वर्षे लोटली. दुसरी वाट साइटमॅपची. संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची ही यादी गूगलने 2005 मध्ये आणली आणि 2006 मध्ये याहू व मायक्रोसॉफ्टने तीच पद्धत मान्य केली. यादी बदलली की एका ठरावीक पत्त्यावर विनंती पाठवून गूगलला तसे सांगता येई. पैसे घेऊन ‘पिंग’ करून देणारी मंडळी आजही ज्याचे नाव घेतात, ते हेच दार.

हे दार गूगलने बंद केले आहे. जून 2023 मध्ये गूगल सर्चच्या अधिकृत ब्लॉगवर तशी घोषणा झाली. ओळख न पटवता पाठवलेल्या या साइटमॅप-वर्द्या फारशा उपयोगाच्या नसतात आणि गूगलपुरते बोलायचे तर त्यांतल्या बहुसंख्य स्पॅमकडे नेतात, असे कारण दिले गेले. सहा महिन्यांनंतर त्या पत्त्यावर ‘404’ म्हणजे ‘सापडले नाही’ एवढेच उत्तर येईल, असेही सांगितले गेले. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने अशीच निनावी सोय त्याच्याही आधी, 2022 मध्ये काढून टाकली होती. म्हणजे आत्याने पैसे भरले तेव्हा जिथे रोज कडी वाजवण्याचे कंत्राट दिले गेले, तिथे आता भिंत आहे.

त्याच घोषणेत कामाची एक गोष्ट होती, ती मात्र कोणी पुढे पाठवत नाही. साइटमॅपमध्ये पानापुढे शेवटच्या बदलाची तारीख देता येते, आणि ती खरी असेल तर पान पुन्हा केव्हा तपासायचे हे ठरवताना गूगल तिचा उपयोग करते. पान सात वर्षांपूर्वी बदलले असताना काल बदलल्याचे सांगत राहिलात, तर पुढे तुमच्यावर विश्वास ठेवला जाणार नाही, असा इशाराही तिथेच आहे. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट ज्यांनी तीस वर्षे शिकवली, त्याच गटावर रोज पिंग करण्याचा सल्ला फिरावा, याची गंमत वाटली. साइटमॅप बनवण्यासाठीही कोणाला पैसे द्यायचे कारण नाही. वर्डप्रेस 2020 सालच्या 5.5 या आवृत्तीपासून ती स्वतः तयार करते आणि 6.5 पासून तीत बदलाची तारीखही घालते.

500 शोधयंत्रांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जगभर फिरून स्वतःची मोठी अनुक्रमणिका राखणारी शोधयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. याहूचे निकाल बिंगकडून येतात, डकडकगोचेही बऱ्याच अंशी तिथूनच येतात, आणि जुन्या याद्यांमध्ये हमखास आढळणारे अल्टाव्हिस्टा तर 2013 मध्ये बंद झाले. पाचशेचा आकडा भरायचा तर कोणीच न उघडणाऱ्या निर्देशिकाच धराव्या लागतात. गूगलने कोणीही येऊन पत्ता भरावा असा आपला सार्वजनिक फॉर्मसुद्धा 2018 मध्ये बंद केला.

‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चे बटण खरे आहे, पण त्याला रोजची मर्यादा असते, आणि तोच पत्ता पुन्हा पुन्हा दिल्याने काम लवकर होत नाही असे गूगलच्या मदतपानावरच लिहिलेले आहे. लिफ्टचे बटण दहा वेळा दाबणाऱ्यांसाठी याहून अधिक काय सांगावे.

राहता राहिला मूळ दावा, की कळवले नाही तर दिसत नाही. गूगलच्या निकालांतली बहुतेक पाने कोणी सादर केलेली नसतात. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या दुव्यांवरून गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप पाने पाहत फिरणारा प्रोग्राम, ती शोधून काढतो. तरीही वादासाठी वाद नको म्हणून आत्याचा ‘आठवणी – भाग 14’ हा लेख आम्ही दोघांनी सर्च कन्सोलच्या तपासणीच्या चौकटीत घातला. उत्तर आले, ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’. म्हणजे पान पाहून गेलो आहोत, पण सध्या अनुक्रमणिकेत घेतलेले नाही. पाहून गेल्याची तारीख लेख प्रसिद्ध झाल्यानंतर चौथ्या दिवसाची होती आणि पैसे भरण्याच्या पाच महिने आधीची. गूगलला खबर नव्हती हा सगळ्या संदेशाचा पाया होता. इथे तर पाहुणा येऊन, बघून, चहा न घेता परत गेला होता.

का गेला, हे गूगल सांगत नाही. माझा अंदाज पान उघडताच बांधता आला. वर ‘आठवणी – भाग 14’ हे शीर्षक, खाली ‘वाचा आणि अभिप्राय कळवा’ ही एक ओळ, आणि मग वहीच्या चार पानांची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, त्यांतल्या एकावर चष्म्याची सावली. ओव्या सगळ्या त्या छायाचित्रांत. आत्याचे अक्षर मोत्यासारखे आहे, पण यंत्राच्या दृष्टीने त्या पानावर मजकूर म्हणावा असे जेमतेम सात-आठ शब्द होते, आणि त्यांत ओवी, जाते, माहेर, सासर यांपैकी एकही नव्हता. माहेरच्या ओव्या शोधणाऱ्या बाईला हे पान कोणत्या आधारावर दाखवावे? पाचशे काय, पाच हजार शोधयंत्रांना वर्दी दिली असती तरी येणाऱ्या प्रत्येकाने हेच पाहिले असते.

आता जे मान्य करायला हवे ते करतो, जरा नाखुशीने. अगदी नवा ब्लॉग असेल आणि त्याच्याकडे कुठूनच दुवा येत नसेल, तर सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप एकदा नोंदवणे उपयोगाचे आहे, आणि महत्त्वाच्या एखाद्या लेखासाठी ते बटण एकदा दाबण्यातही गैर काही नाही. तपासणीला त्यानंतरही काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. वर्दी देण्याची कल्पनाही पूर्णपणे मेलेली नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये बिंग आणि यांडेक्स यांनी इंडेक्सनाउ नावाची पद्धत सुरू केली, पुढे नेव्हर आणि सेझनाम ही शोधयंत्रेही तीत आली. आपल्या संकेतस्थळावर एक किल्ली-फाइल ठेवून बदललेल्या पानांचे पत्ते कळवायचे, की एका शोधयंत्राला दिलेला निरोप इतरांनाही मिळतो. निनावी पिंगमधला दोष यात नाही, कारण किल्लीवरून निरोप मालकाचाच आहे हे पडताळता येते. वर्डप्रेससाठी तिचे मोफत प्लगइन आहे. गूगलने ही पद्धत स्वीकारलेली नाही, आणि भारतात बहुतांश शोध गूगलवरच होतात. तरी बिंगच्या वाचकांसाठी ती जोडून ठेवावी, असे मी स्वतः आत्याला सांगितले. त्या संदेशात इंडेक्सनाउचे नावही नव्हते. संपूर्ण यादीत जे एक खरोखर चालते, नेमके तेच गाळले होते.

पैसे परत मागणारा ईमेल तिने शुद्ध मराठीत, परिच्छेद पाडून लिहिला. उत्तर आले की सेवा ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ झाली आहे, आणि सोबत पाचशे ओळींचा तक्ता जोडला होता. त्यातले सहज म्हणून उघडलेले पहिले सहा पत्ते उघडलेच नाहीत.

भाग 14 आता टंकून झाला आहे, बावीस ओव्या, आणि शीर्षकात ‘माहेरच्या ओव्या’ असे शब्द आले आहेत. वहीची छायाचित्रे खाली ठेवली आहेत, कारण ती पाहण्यासारखी आहेत. परवा तिने फोन करून विचारले, ‘मग आता कळवायचे का?’ मी म्हटले, एकदा दाब ते बटण. तिने ते दाबले, ‘दाबले रे’ असे सांगितले, आणि पंधराव्या भागातला एक शब्द सासूबाई नेमका कसा म्हणत हे आठवत बसली.