आठ जणांचे आभार, बजेट दीड हजार

आमच्या सोसायटीत दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात मुलांचा खेळवर्ग भरतो. चालवतात कॉलेजात जाणारे आठ ताई-दादा, एक पैसा न घेता. लगोरी, गोष्टी, लेझीम, भांडणं सोडवणं आणि भोकाड पसरणाऱ्याला कडेवर घेऊन खेळ चालू ठेवणं, सगळं त्यात आलं. गणपतीत त्यांनी तीसेक पोरांची लेझीम बसवली, तेव्हा आईबाबांचे ऊर भरून आले आणि मोबाइलची मेमरीही. मग मीटिंगमध्ये ठराव झाला की, या ताई-दादांसाठी काहीतरी करायलाच हवं. या ‘काहीतरी’ला दीड हजार रुपये मंजूर झाले. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण चहा संपेपर्यंत थांबलेली मी एकटीच होते.

१५०० भागिले ८ म्हणजे १८७ रुपये ५० पैसे. आठ आणे कायद्याने अजून चलनात आहेत, पण ते फक्त रिझर्व्ह बँकेला आणि आमच्या खजिनदार काकांनाच ठाऊक.

काकांचं मत शाल-श्रीफळाला. आपल्याकडे कुणी काही चांगलं केलं की त्याला शाल पांघरायची, मग ऐन मे महिना का असेना. “आणि विकत कशाला आणायच्या? घरोघरी पडल्यात!” पडल्या होत्या खऱ्या. गोळा झालेल्यांपैकी एकीची घडी मोडली, तर डांबरगोळीचा भपकारा आणि आत चिठ्ठी: ‘सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम’. आमची सत्कारमूर्ती एकोणीस वर्षांची! तिला आधी नोकरी तर लागू दे. नारळाचं म्हणाल, तर हॉस्टेलवर राहणारा पोरगा तो फोडणार कशावर? आणि मंडईत नारळाचा भाव ऐकून मी देवालाही खडीसाखरेवर आणलंय.

मग रविवार पेठ गाठली. सन्मानचिन्हांच्या दुकानात मालकांनी आत दिवा लागणारं, गोल फिरणारं असं एक प्रकरण पुढे सरकवलं. मी बजेट सांगितलं. त्यांनी ते प्रकरण काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि खालच्या फळीवरून काडेपेटीएवढा ॲक्रिलिकचा तुकडा काढला. “नाव टाकायचं तर चार्ज वेगळा.” त्यावर ‘उत्कृष्ट’ मावत होतं, ‘कार्यकर्ता’ मावत नव्हता.

सेक्रेटरींना फोटो छापलेले चहाचे मग हवे होते. फोटो कुणाचा, तर कमिटीचा. पुढे चला.

प्रमाणपत्रं द्यावीत, असंही निघालं. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम केलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांनी प्रमाणपत्र मिळतंच की! आमच्या ताई-दादांचे तास लेझीमच्या तालमी धरून त्याहून जास्तच भरले असते. त्या योजनेचं ब्रीदवाक्य आहे, ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’. वर्गणी काढायच्या वेळी आमची कमिटी साधारण हेच म्हणते, फक्त खर्चाबद्दल. प्रमाणपत्रं सोसायटीच्या प्रिंटरवर फुकट छापायला घेतली. तिसऱ्याला शाई संपली. त्यापुढच्यांवर गणपती गुलाबी आणि अध्यक्षांची सही अदृश्य.

उरलं जेवण. सिंहगडावर नेऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, ही कल्पना मला स्वतःलाच फार आवडली होती. पण विसर्जनाच्या दिवशी या मुलांना वडापाव खाताना मी पाहिलंय. आठवा दादा पहिला वडा घेईपर्यंत पहिला चौथ्यावर होता. दीड हजारात गडाचा पायथा तेवढा जमला असता.

शेवटी सरळ त्यांनाच विचारलं. आठही जण एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यातली सगळ्यात गरीब स्वभावाची दिसणारी ताई म्हणाली, “काकू, खरं सांगू? काही नको. फक्त मुलांना आठ वाजता न्यायला या.”

मग एकेक बाहेर आलं. वर्ग आठला सुटतो, शेवटचं पोर पावणेनऊला जातं. ‘पाच मिनिटांत पोचतोय’ म्हणणाऱ्या एका बाबांच्या फोनमधून मॅचची कॉमेंट्री ऐकू येत होती, आणि तीच कॉमेंट्री समोरच्या खिडकीतूनही येत होती. एका दादाच्या हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं. तो दोनदा भिंतीवरून आत गेलाय.

बिनखर्चाची भेट! मी लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं. निळ्या टिका पटापट उमटल्या आणि स्मशानशांतता पसरली. मग एकीने लिहिलं, ‘ट्रॅफिकचं काही सांगता येत नाही ना.’ त्या बी विंगमध्ये राहतात. वर्ग बी विंगच्या पार्किंगमध्ये भरतो. दुसऱ्याने आठ म्हणजे नक्की किती, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. आणि मग मॅचवाले बाबा प्रकटले: ‘वेळेचं बंधन नको. त्यापेक्षा आपण प्रत्येकी दोनशे काढू.’

त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्याकडून गणपतीची वर्गणी काढायला दिवाळी उजाडते, त्यांनीही जागच्या जागी पैसे पाठवले. जेवणं व्हायच्या आत सहा हजार जमले. खजिनदार काकांचा आत्ताच फोन येऊन गेला: दिवा लागणारं ते, आठ घेतली तर काही कमी करतील का?