खुलासा: ‘व्हायकिंग स्काय’ केवळ लाटांमुळे बंद पडले नव्हते

२३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या हुस्टाडविका किनाऱ्याजवळ ‘व्हायकिंग स्काय’ हे क्रूझ जहाज लाटांच्या तडाख्याने इंजिने फुटून बंद पडले, असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

जहाजाच्या प्रोपेलरना वीज पुरवणाऱ्या चार डिझेल जनरेटरपैकी (म्हणजे वीज बनवणाऱ्या इंजिनांपैकी) एक आधीच नादुरुस्त होता. उरलेल्या तिन्हींच्या टाक्यांत वंगणतेल ६८ ते ७५ टक्के हवे होते. होते २८ ते ४०. जहाज डोलू लागले तसे तेल एका बाजूला सरकले, पंपाने हवा ओढली, तेलाचा दाब घटला आणि इंजिने आपोआप बंद झाली. वीज गेली, प्रोपेलर थांबले. नांगर टाकूनही जहाज खडकांकडे वाहत राहिले. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले.

‘बाजूचे पंख (जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले स्टॅबिलायझर) जहाज सावरतात’ हे म्हणणेही अर्धवटच: ते पंख डोलणे कमी करतात, पण सहसा जहाज पुढे चालत असेल तरच.