काढ की आता!

गणपतीत बेळगावात घरोघरी एक फोटो होतोच. निपाणीचे, खानापूरचे, चंदगडचे पाहुणे जमले की सगळ्यांना मखरासमोर उभं करायचं. पंचाईत एवढीच, की कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत नसतो. त्यावर हल्ली उपाय निघालाय: कॅमेरा ट्रायपॉडवर, केबल लॅपटॉपला आणि लॅपटॉपमधल्या एआयला तोंडी हुकूम. मी या उपायाच्या बाजूचाच आहे. फक्त आधीच सांगून ठेवतो, एआयला वाक्यं कळतात, कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं चाक मात्र त्याला फिरवता येत नाही.

खरं काम करतं जीफोटो2 नावाचं फुकट सॉफ्टवेअर. त्याला अडीच हजारांवर कॅमेरे ओळखता येतात. एआय फक्त त्याला आज्ञा देतं. केबल फोनच्या चार्जरची उचलाल तर काहीच होणार नाही, कारण पुष्कळ स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बरोबर केबल लावलीत, की लिनक्सचा (लॅपटॉप चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीचा) फाइल मॅनेजर 'अरे, कॅमेरा!' म्हणून आधी झडप घालतो आणि जीफोटो2 उणे 53 नंबरची एरर दाखवून हात वर करतं. कॅमेरा एका वेळी एकाच्याच ताब्यात जातो. त्यामुळं फाइल मॅनेजरमध्ये तो अनमाउंट करा, म्हणजे त्याच्या ताब्यातनं सोडवा, मग पुढं.

आता माणसं. अण्णा म्हणतात, "जरा उजेड कर की." एआय आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 400 ची 800 करतं, म्हणजे फोटो दुप्पट उजळ. आत्या म्हणतात, "मूर्ती पांढरी पडली बघ." पुन्हा 400. शेजारच्या काकू दारातनंच कानडीत "स्वल्प ब्राइट माड्री" (थोडं उजळ करा) म्हणतात, तेही ऐकलं जातं. एआय कुणालाच नाही म्हणत नाही, निवडणुकीतल्या उमेदवारासारखं. म्हणून सुरुवातीलाच लिहून द्यायचं: शटर 1/100 (सेकंदाचा शंभरावा भाग उघडं), अ‍ॅपर्चर एफ 5.6 (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), यांना हात लावायचा नाही. बदलायचा तो आयएसओच, 400 ते 3200 च्या आत. आणि हुकूम एकाच माणसाचा. 1/100 का, तर आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान ठेवलं की मखराच्या माळांखाली फोटोत काळे पट्टे उमटू शकतात.

एआयला 'थोडं' म्हटलं की ते कधी आयएसओ 450 सुचवतं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या यादीत 400 नंतर 500 येतो, काहींत थेट 800, पण 450 सहसा नसतो. म्हणून आधी यादी वाच, मग आकडा निवड, अशी सूचना द्यावी. त्याहून वाईट खोड म्हणजे फोटो निघालेला नसताना 'फोटो काढला' असं गोड सांगणं. फाइलचं नाव आणि आकार दाखवल्याशिवाय विश्वास ठेवू नये. कॅनॉनच्या कित्येक मॉडेलांत तर फोटो कार्डावर न जाता कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत जातो आणि तिथंच विरतो. 'कॅप्चरटार्गेट' (फोटो कुठं साठवायचा ते ठरवणारं सेटिंग) कार्डावर ठेवावं, किंवा फोटो लगेच लॅपटॉपवर उतरवून घ्यावा.

डोक्यावरचं चाक आधीच 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर हवं. ऑटोवर असेल तर आयएसओ बदलायचा हुकूम कॅमेरा सरळ धुडकावतो. अंधाऱ्या सोप्यात ऑटोफोकस अडखळला की कॅमेरा फोटोच काढत नाही. म्हणून टॉर्च मारून मूर्तीच्या बाजूला उभ्या माणसावर फोकस करायचा आणि लेन्सवरचं बटण हातानं 'एमएफ'वर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर सरकवायचं. कॅमेरा आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाका, नाहीतर आत्या पदर सावरेपर्यंत तो झोपलेला असतो.

बोललेलं ऐकून, इंटरनेटवर जाऊन, परत येऊन शटर पडेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढा वेळ आज्जी हसू धरून ठेवते, पापणी मात्र धरता येत नाही. त्यामुळं 'एक फोटो' मागूच नये. पाच फ्रेम, दर तीन सेकंदांनी, असं सांगावं.

एवढं सगळं जमलं, की चंदगडचा भाचा उशिरा येतो आणि कडेला अर्धाच दिसतो. एआय नम्रपणे सांगतं, "झूम कमी करावा." 18-55 लेन्सची झूम रिंग हातानंच फिरते. मग कुणीतरी रांगेतनं बाहेर येणार, रिंग 18 वर नेणार, पुन्हा टॉर्च, पुन्हा फोकस, पुन्हा एमएफ. तोवर अण्णांनी आरतीचं ताम्हण उचललेलं असतं.