मुदतवाढीचे दिवस

गेल्या दिवाळीत यावलला घरी फोन लावला, तेव्हा ओट्यावर चुलतभाऊ आणि शेजारची मंडळी बसली होती आणि विषय आमच्याच व्हिसाचा चालला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले, त्यावरून तो निघाला होता. "सहा वर्षांचा परवाना आणि हे तेराव्या वर्षीही तिथेच, मग त्यांनी हाकलले तर चुकले कुठे?" असे भावाने मला ऐकू जाईल अशा बेताने विचारले. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

मी इथे चोरून राहिलेलो नाही. आधी तीन आणि मग आणखी तीन अशी सहा वर्षांची मुदत असते, हे खरे. पण कायम वास्तव्यासाठी कंपनीने केलेला अर्ज मंजूर असून केवळ देशनिहाय मर्यादेमुळे ग्रीन कार्ड अडकले असेल, तर एका वेळी तीन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देण्याची तरतूद अमेरिकी संसदेनेच २००० साली केली. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे आणि एका देशाच्या वाट्याला सुमारे ७ टक्के, म्हणजे भारतीयांची रांग का सरकत नाही ते वेगळे सांगायला नको. त्या रांगेतही नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते आणि मुदतवाढीचा नवा कागद, आय-७९७, दाखवल्याशिवाय डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, गाडीचे लायसन्स वाढवून मिळत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या पालिका मुदत संपूनही वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या, तेव्हा त्याच ओट्यावर कुणाचा आवाज चढला नव्हता. इथे निदान प्रत्येक वाढीव दिवसाला कागद लागतो.

वडिलांनी, नानांनी, वाद घातला नाही. पिलबाग किती वेळा धरायची, एवढेच त्यांनी विचारले. केळीचा घड कापल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलावर पुढचे पीक घेतात, ती पिलबाग. पुन्हा पुन्हा धरली की घड हलका होत जातो आणि शेवटी बाग मोडावीच लागते. मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी त्यांनाही कायदाच सांगत बसलो.

त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवस सहा वर्षांत मोजत नाहीत. पुरावा दिला की ते परत मिळतात. २०१८ साली माझी मुदत संपत आली होती आणि अर्जाची मंजुरी यायची होती. वकिलाने बाहेरच्या दिवसांचा हिशेब मागितला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोन्ही पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पसरून मी मुंबई विमानतळाचे शिक्के जुळवले. ताईच्या लग्नाचे दिवस निघाले, एका आखाजीचे निघाले, कानबाईच्या रोटांचे निघाले, आणि नानांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी जळगावला दवाखान्याच्या बाकावर काढलेले एकवीस दिवस निघाले. त्या एकवीस दिवसांमुळेच मंजुरी येईपर्यंतचा काळ निभावला.

बेरीज जमली, तेव्हा मला आनंद झाला होता. २१ या आकड्याभोवती पेनाने गोल करून मी बायकोला हाक मारली होती. नानांना हे मी अजून सांगितलेले नाही.