फोटो आणि फोटो१

आईने विचारलं, "गणपतीचे फोटो कुठे ठेवलेस रे?" आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, बाहेरच्या ड्राइव्हवर, रोज रात्री आपोआप बॅकअप होतो. ड्राइव्ह उघडला तर फोटो मागच्या दिवाळीपर्यंतचेच. आणि ड्राइव्हचं नाव? 'फोटो१'. हा एक कुठून आला बुवा?

झालं असं होतं की मध्ये कधीतरी केबल ढिली झाली, ड्राइव्ह जागेवर नव्हता, पण माझी बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटासा प्रोग्राम, भलतीच आज्ञाधारक, तिने 'फोटो' नावाचं साधं फोल्डर बनवून सगळं आतल्या डिस्कवरच भरायला घेतलं. ड्राइव्ह परत लावला तेव्हा ते नाव आधीच अडलेलं, म्हणून लिनक्सने, म्हणजे माझ्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमने, त्याला एक नंबर चिकटवून शेजारी बसवलं.

म्हटलं आता पक्का पत्ताच देऊ. कुठला ड्राइव्ह कुठल्या फोल्डरवर जोडायचा हे जिथे लिहितात ती एफएसटॅब फाइल उघडली, ड्राइव्हचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा लांबलचक ओळख क्रमांक, टाकला. तो कॉपी-पेस्ट करायचा असतो, पण मी लाइटबिलाच्या मागे पेनाने उतरवून घेतला होता, का ते विचारू नका. आठाच्या जागी बी पडला. 'माउंट डॅश ए', म्हणजे त्या फाइलीतले सगळे ड्राइव्ह जोडून बघायची कमांड, मारून बघितलं असतं तर तिथल्या तिथे बोंब कळली असती, पण आपण डायरेक्ट रीस्टार्ट करणारे लोक. नसलेल्या ड्राइव्हची वाट बघत दीड मिनिट काउंटर चालला आणि मग काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचा, पासवर्ड द्या म्हणे. मला तर वायफायचाही आठवत नाही. चौथ्या प्रयत्नात लागला. नॅनो नावाच्या एडिटरमध्ये ती फाइल उघडून बी चा आठ केला, आणि शेजारी 'नोफेल' लिहिलं, म्हणजे उद्या ड्राइव्ह नसला तरी मशीन अडून बसणार नाही.

ड्राइव्ह जागेवर आला, पण नवे फोटो दिसेनात आणि आतली डिस्क तरी तुडुंब! स्क्रिप्टने बनवलेल्या त्या जुन्या फोल्डरवरच ड्राइव्ह माउंट केलेला, म्हणजे जोडलेला, त्यामुळे खालचं सामान गादीखालच्या नोटांसारखं, आहे पण दिसत नाही. परत अनमाउंट केलं, तर बसलेत बाप्पा निवांत. सगळं बाजूला काढलं, ड्राइव्ह चढवला, फोटो त्यात हलवले.

रात्री साडेअकराला आईला दाखवले. तिने चष्मा लावून पहिलाच फोटो निरखून बघितला.

"यात माझे डोळे मिटलेत. काढून टाक हा."