ऑक्टोबरात पाणी थंड होत नाही

ऑक्टोबरात गळाने मासे कुठं धरावेत, यावरचा एक लेख वाचला. पाणी थंड झालं की अमेरिकेतला बास हा शिकारी मासा बारक्या शॅड माशांच्या थव्यामागे जलाशयाच्या चिंचोळ्या फाट्यांत शिरतो, म्हणून त्याला तिथं शोधायचं, हे त्या लेखात बरोबर आहे. पण 'आपल्या धरणांवरही ऑक्टोबरात हेच करा' हे पटलं नाही. आमच्या साताऱ्यात ऑक्टोबर म्हणजे भाजून काढणारं ऊन. पाण्याला गारवा येतो दिवाळीनंतर. ऑक्टोबरात मासा काठाला दिसतो तो थंडीमुळे नाही, तर धरण भरल्यावर गवत, जुने बांध, बाभळी पाण्याखाली जातात आणि बारकी मासळी तिथं आसरा घेते म्हणून.

साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणावर मी मरळ धरतो ती अशाच बुडालेल्या बांधालगत, उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत. मरळ हवा घ्यायला वर येते, 'गप्' असा आवाज होतो आणि गोल तरंग उठतो. त्याच्या हातभर पुढं रबरी बेडूक (गळाला लावलेलं खोटं आमिष) टाकून सावकाश ओढायचा. उन्हं चढली की मी गळ गुंडाळतो. आणि लेखात राहिलेली एक गोष्ट: लालसर पिल्लांचा घोळका वर दिसला तर तिथं गळ टाकूच नका. खाली आईबाप राखणीला असतात, ते गेले की पिल्लांना बाकीचे मासे फस्त करतात.