‘शिकाऊ मुलं म्हणजे तोटा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या थोरल्या भावाचं छोटं मशीनशॉप आहे आणि तिथला हिशेब मी बघते. परवा त्याने मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “वाच. मी हेच म्हणत होतो.” मेसेजचं नाव ‘उद्योजकांनो, सावध व्हा’. मजकूर थोडक्यात असा: शिकाऊ उमेदवार ठेवणं म्हणजे निव्वळ तोटा. शिकवलं की पोरं पळतात. घ्यायचंच असेल तर पैसे देऊ नका, ज्याला खरी गरज आहे तो फुकटही टिकतो. शिकवणं हे कॉलेजचं काम आहे, मालकाचं नाही. आणि तसंही हल्लीच्या मुलांना कामच नको असतं. आठवडाभरात हा मेसेज मला तिसऱ्यांदा आला होता. पण या वेळी तो वाचून दादा दोन शिकाऊ मुलांना घरी पाठवायला निघाला होता, म्हणून लिहायला बसले.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगात १५ ते २४ वयाचे ६ कोटी ४९ लाख तरुण बेरोजगार होते. या मोजणीत बेरोजगार कोणाला म्हणतात? जो काम शोधतो आहे आणि मिळालं तर करायला तयार आहे, त्याला. नुसता घरी बसलेला मुलगा त्यात धरतच नाहीत. म्हणजे हे साडेसहा कोटी काम मागत फिरणारेच आहेत. त्यांना ‘काम नको’ म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी वाचायला हवं होतं.

आता तोट्याचं. यात अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं, कारण ते माझ्याच वहीत दिसतं. नवा मुलगा आला की पहिले काही महिने मिस्त्रींचं काम मंदावतं, स्क्रॅप वाढतो. आमच्याकडे एका मुलाने पहिल्याच आठवड्यात लेथच्या चकात, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, जॉब (घडवायचा तुकडा) बांधून चकची किल्ली तिथेच ठेवली होती. तशीच मशीन चालू झाली असती तर ती किल्ली गोळीसारखी सुटली असती. मिस्त्रींनी त्याचा हात बटणावरून बाजूला केला, किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “ही एक तर हातात, नाहीतर स्टँडवर. तिसरी जागा नाही.” पुढचा तासभर मिस्त्री स्वतःचं काम सोडून त्याच्याजवळ उभे होते. तो तास म्हणजे खर्चच.

पण मेसेजवाला फक्त तो तास धरतो आणि सहा महिन्यांनी तोच मुलगा जे जॉब काढतो त्यापुढे शून्य मांडतो. बीआयबीबी ही जर्मनीतली व्यावसायिक शिक्षणावर संशोधन करणारी सरकारी संस्था. तिने २०१७-१८ या वर्षासाठी कंपन्यांचा हिशेब मांडला, त्यात दोन्ही बाजू आहेत. एका शिकाऊ उमेदवारामागे वर्षाला सरासरी खर्च २०,८५५ युरो, त्याच्या कामाची किंमत १४,३७७ युरो. कंपनीच्या खिशातून खरे गेले ६,४७८. म्हणजे जवळपास ६९ टक्के खर्च शिकता शिकताच वसूल. उरलेला खर्च बघताना बाहेरून तयार कारागीर आणायला काय पडतं तेही त्याच अहवालात वाचावं: जाहिरात, मुलाखती, रुळेपर्यंतचा वेळ धरून दहा हजार युरोंच्या वर. स्वित्झर्लंडमध्ये तर सरासरीने शिकवण्याच्या काळातच कंपनीचे पैसे सुटतात. तिथे मुलांना खऱ्या कामावर जास्त वेळ बसवतात, हे त्यामागचं एक कारण.

पळून जाण्याचं म्हणाल तर जर्मनीत अलीकडे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश त्याच कंपनीत राहतात. काही जातातही. पण आज आपल्याकडे असलेला चांगला कारागीर कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करूनच आलेला असतो ना?

खरा संताप मला तिसऱ्या मुद्द्याचा आहे. ‘गरज असेल तो फुकट टिकेल.’ हे अगदी उलटं आहे. फुकट टिकतो तो, ज्याच्या घरून जेवणाचे आणि प्रवासाचे पैसे येतात. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तो दुसऱ्याच महिन्यात मिळेल ती रोजंदारी धरतो, कारण घरी पैसे द्यायचे असतात. मग मालक म्हणतो, बघा, पळाला! आणि फुकटच्या माणसाचा वेळही फुकट वाटायला लागतो. मी स्वतः शिकत असताना एका ठिकाणी सात महिने बिनपैशाने काढले. त्या सात महिन्यांत मी फाइली लावल्या, चहा सांगितला, झेरॉक्स काढल्या. खतावणी एकदाही हाती दिली नाही. पगार द्यावा लागला असता तर त्यांनी मला आठवड्यात कामाला लावलं असतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०२३ मध्ये दर्जेदार अप्रेंटिसशिपबद्दल शिफारस क्रमांक २०८ मंजूर केली. तिच्या व्याख्येतच करार आहे, कामावरचं आणि कामाबाहेरचं असं दोन्ही आखीव शिक्षण आहे, शेवटी मान्यताप्राप्त पात्रता आहे आणि मोबदला आहे. यातलं काहीच नसेल तर ती फुकटची राबणूक, तिला अप्रेंटिसशिप म्हणू नये. जर्मनीने तर २०२० पासून कायद्याने किमान मोबदला ठरवला: २०२० मध्ये सुरुवात करणाऱ्याला प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी महिना ५१५ युरो, दुसऱ्या वर्षी त्यावर १८ टक्के जास्त, तिसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा ३५ टक्के जास्त.

कॉलेजचं एका वाक्यात सांगते: व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) कसं वाचायचं ते वर्गात शिकवता येतं, धातू कापणारा टूल घासला आहे हे आवाजावरून ओळखणं मशीनजवळच शिकता येतं.

काल रात्री दादाशी यावर दोन तास बोलणं झालं. ती दोन मुलं राहणार आहेत. कोणत्या महिन्यात काय शिकवायचं याचा कागद मिस्त्री आणि मी मिळून करतोय, आणि शिकवण्याच्या दिवसांत मिस्त्रींकडून नेहमीचं टार्गेट धरायचं नाही हेही त्याने मानलं. पैशांवर अजून अडलंय. पहिल्या सहा महिन्यांचा आकडा वाढवायला तो तयार नाही. शनिवारी वह्या घेऊन पुन्हा बसणार आहोत.